तीन नंबरचं मशीन

लाईन दुपारी जायची ती शाळा सुटल्यावरच यायची,
म्हणून मी घरी बसून कागदावर कीबोर्ड काढला,
आठवून आठवून, स्केचपेननं,
जावेच्या पोराला मांडीवर झोपवता झोपवता,
आणि दारव्ह्याला स्टँडमागच्या झेरॉक्सवाल्याकडून
त्रेचाळीस प्रती मारून आणल्या. पैसे माझेच.
माझी ऑर्डर अकरा महिन्यांची,
पण नववीचं वर्ष काही ऑर्डर पाहून थांबत नाही.

महिनाभर आमचा तास असाच :
सतरंजीवर कागद, कागदांवर बोटं,
आणि खोलीभर एकच आवाज,
सागाच्या वाळल्या पानांवरून शेळ्या जाव्यात तसा.
भिंतीशी सात मशीनं, गोणपाटाचे बुरखे घालून.
त्यांतली दोन सुरू होतात.
एकाच्या पोटात पालीची अंडी निघाली होती.
मी म्हणायचे, खाली पाहू नका, बोटांना पाठ होऊ द्या.
जयेंद्र कुमरे डोळे मिटून मारायचा
आणि मी त्याच्या बोटांवरून वाचायचे
काय लिहितोय ते. बहुतेक वेळा, भूक लागली.

डिसेंबरात एका शुक्रवारी
भर तासात लाईन आली.
आधी पंखा कुरकुरला,
मग तीन नंबरचा पडदा निळा झाला
आणि अख्खा वर्ग, दाराशी काढलेल्या चपलांसारखा,
एकावर एक.

पहिला मान आचल निकुरेचा.
ती एकटीच खरोखर खाली पाहत नसे.
इंग्रजी अक्षरांत तिनं झरझर नाव मारलं.
पडद्यावर आलं : आचल मिकुरे.
पुसलं. पुन्हा मारलं. मिकुरे.
"मॅडम, मशीन चुकून राह्यलं."
व्हय व्हय, बाकीचे म्हणाले, मशीनच चुकून राह्यलं,
कागदावर तं बराबर येत होतं.

मी कागद पाहिला. मग बटणं.
मग पुन्हा कागद, जरा जास्तच वेळ,
कारण मान वर करायचं धैर्य नव्हतं.
एन आणि एम मी उलटे काढले होते.
शेजारीशेजारी राहणारी ती दोघं
माझ्या पेंगेत एकमेकांच्या घरी गेली
आणि शहाऐंशी हातांना आता माझी चूक तोंडपाठ.

मी सांगून टाकलं. कोणी हसलं नाही.
तेच जड गेलं.

दुसऱ्या दिवशी धम्मदीपनं कंपासच्या टोकानं
दोन्ही बटणं उपटली, कागदाप्रमाणे बसवली.
"आता बराबर हाये."
आचलनं मारून पाहिलं.
मिकुरे.
सगळे गप्प. पंखा तेवढा बोलत होता.
मग धम्मदीपच, हळूच :
"म्हंजे याले वाचता येत नाई.
याले फक्त जागा समजते."
हे माझ्या नोट्समध्ये कुठंच नव्हतं.
मी तेवढं एक वाक्य फळ्यावर लिहिलं
आणि तास संपवला.

फेब्रुवारीत तपासणीला साहेब आले, मनवर आडनावाचे.
बघू चालतं का, म्हणत नेमके तीनवर बसले.
एका बोटानं, एकेक बटण हुडकत,
आडनाव लिहिलं.
नमवर.
चष्मा पुसला. पुन्हा लिहिलं. नमवर.
त्रेचाळीस तोंडांवर शहाऐंशी हात.

आचल उठली.
मी डोळ्यांनीच नको म्हटलं, तिनं पाहिलंच नाही.
न पाहायची सवय मीच लावलेली.
साहेबांच्या खांद्याशेजारून हात घालून,
त्यांच्या चेहऱ्याकडे बघत,
तिनं त्यांचं नाव नीट मारून दिलं.
"सर, वर लिहेल नाई पाहाचं. जागा पाहाची."

शेऱ्याच्या वहीत निळ्या शाईनं आहे :
तीन नंबरचा कीबोर्ड तात्काळ दुरुस्त करावा.
करू की. एप्रिलपर्यंत आहे मी.
पण कंपास धम्मदीपकडे
आणि तो म्हणतो, राहू द्या ना मॅडम,
आता आठवीवाले येतीन.